भाऊंची साडेपाचची आंघोळ

आमच्या शाळेत नव्याने लागलेल्या एका बाईंनी परवा मला विचारलं, शाळेतला ताप शाळेतच ठेवून घरी जायचं, हे तुम्ही कसं जमवता? मी म्हटलं, जमवत नाही. घरी गेल्यावर भांडी जरा जोरात घासते, एवढंच. त्यांना वाटलं, मी उडवून लावलं. पण ही गोष्ट पुरेपूर जमवलेला एकच माणूस मी आजवर पाहिला, आणि त्याला पाहिल्यावर मी त्या फंदात पडले नाही.

भाऊ करंबेळकर. मी रत्नागिरीला मुलींच्या शाळेवर लागले तेव्हा माझे यजमान मुंबईत एका छापखान्यात होते. मी दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होते आणि मधल्या दगडी गडग्यापलीकडे भाऊंचं घर होतं. घरात भाऊ, वहिनी आणि त्यांची एकुलती एक मुलगी इंदू. इंदू माझ्याच वर्गात होती. गडगा छातीइतका. त्यावरून विरजण, कढीलिंब आणि गावच्या बातम्या यांची ने-आण चाले. बातम्या नेहमी माझ्याकडून तिकडे जात. खरं म्हणजे जिल्ह्यातल्या निम्म्या भानगडी रोज ज्यांच्या तोंडून जात होत्या ते भाऊ त्या घरात होते, पण तिथून चकार शब्द बाहेर येत नसे. बाहेर कसला, आतही जात नसे.

भाऊ जिल्हा कोर्टात दुभाषी होते. जज्ज इंग्रज. समोर उभा राहणारा माणूस कधी हर्णैचा मासे विकणारा, कधी नाटे गावचा खलाशी, कधी आतल्या गावचा शेतकरी. प्रत्येकाची बोली वेगळी, हेल वेगळा. भाऊंना सगळ्या कळत, आणि ते त्यांचं तिथल्या तिथे इंग्रजी करून सांगत. त्यांचं इंग्रजी इतकं पक्कं की वकीलमंडळी मराठी जबाब ऐकला की कागद चाळायला लागत; भाऊ पुढे काय सांगतात ते कुणी तपासून ऐकायच्या भानगडीत पडत नसे.

या कामाची एक रीत होती. साक्षीदार म्हणाला, मी पाहिलं, तर दुभाष्यानेही तसंच म्हणायचं, मी पाहिलं. हा असं म्हणतो, तसं म्हणतो, ही भाषा नाही. काही गाळायचं नाही, पदरचं घालायचं नाही, शिवी आली तर शिवीसुद्धा. म्हणजे सकाळी अकरापासून संध्याकाळी पाचपर्यंत भाऊ कुणाचा तरी बांध कोरत, कुणाच्या तरी घराला आग लावत, कुणाच्या तरी मेलेल्या मुलीसाठी रडत. तेही उभ्याने, शांत आवाजात, लांब काळा कोट आणि पगडी घालून.

साडेपाचला ते घरी येत. पुढच्या दाराने नाही, मागच्या बेड्यातून, म्हणजे कुंपणाच्या फाटकातून. विहिरीजवळ नारळ आणि शेणी ठेवायचा एक मांगर होता. तिथे कोट, पगडी, जोडे, नेसूचं धोतर, सगळं उतरवत आणि पंचा लावून विहिरीवर जात. रहाट स्वतः ओढत. पाच घागरी डोक्यावरून. पौषातला गारठा असो की आषाढाची झोड असो, पाच म्हणजे पाच. मग मांगरात ठेवलेलं सुकं धोतर नेसून मागच्या दाराने आत. कोर्टाचे कपडे वहिनी धूत नसत, परीट मांगरातूनच घेऊन जाई. इंदूला मांगरात पाऊल टाकायची बंदी होती. आत गेलेले भाऊ मात्र अगदी गोड माणूस. इंदूला गणितं घालत, पोफळीला पाणी किती सोडायचं ते सांगत, वहिनींच्या आमटीला नावं ठेवून पुन्हा वाढून घेत. वहिनींनी विचारलं, आज काय झालं कोर्टात, की म्हणत, "कोर्टाचं कोर्टात." लग्नाला पंधरा वर्षं होऊन गेली होती, आणि भाऊंच्या नोकरीबद्दल वहिनींना एवढीच माहिती होती.

आळीत सगळ्यांना वाटे, भाऊ फार सोवळ्याचे. कोर्टात सतरा जातींची माणसं येतात, त्यांचा विटाळ धुऊन घरात जातात. मलाही तसंच वाटे आणि रागही येई, कारण मी विटाळ मानणारी नव्हे. एका श्रावणात भाऊ तापाने फणफणले होते, तरी कोर्टात जाऊन आले आणि रहाट वाजू लागला. मी गडग्यापाशी जाऊन सरळ विचारलं, अंगात ताप असताना डोक्यावर घागरी ओतायला कुठल्या देवाने सांगितलंय?

"देवाचा काही संबंध नाही, बाई," भाऊ म्हणाले. त्यांचे दात वाजत होते. "आज दिवसभर एका म्हाताऱ्याला कोयत्याने मारत होतो. चार वेळा विचारलं, चार वेळा मारला. तसाच उठून इंदूच्या शेजारी जेवायला बसू?"

"मग गरम पाण्याने करा. न्हाणीत."

"न्हाणी घरात आहे."

 मी काढा करून गडग्यावर ठेवला आणि आत गेले. मात्र त्या दिवसापासून आळीत खरं कारण ठाऊक असलेलं माणूस मी एकटीच. वहिनींनासुद्धा ते ठाऊक नव्हतं. त्याही सोवळंच समजत आणि नवऱ्याच्या कर्मठपणाचं कौतुक करत.

या समजुतीने भाऊ एकदा चांगलेच अडकले. त्या वर्षांत गावात देवळं सगळ्यांना उघडावीत की नाही, एका पंगतीला बसावं की नाही, यावरून मोठी तेढ पडली होती. सनातनी मंडळींतले चौघे नारळ घेऊन भाऊंकडे आले. गावात एवढं कडक आचरण दुसऱ्या कुणाचं नाही, तर आमच्या पत्रकावर पहिली सही तुमची, असं त्यांचं म्हणणं. वहिनींनी चौघांना पोहे दिले. भाऊ म्हणाले, माझं सोवळं कोर्टापुरतं आहे, आठवडाभर माझ्या जागी उभे राहा म्हणजे तुम्हालाही लागेल. मंडळींना ती थट्टा वाटली. पोट धरून हसली आणि सही न घेताच भाऊंचं नाव पत्रकात घालून मोकळी झाली. पत्रक निघाल्यावर भाऊंचे लहानपणापासूनचे स्नेही, जे दुसऱ्या बाजूचे होते, त्यांच्याकडे यायचे थांबले. मी म्हटलं, जाऊन सांगा ना त्यांना, तुमचा विटाळाशी काही संबंध नाही म्हणून. भाऊ म्हणाले, "आंघोळ कशासाठी करतो ते सांगायला लागलो की बाकीचंही सांगावं लागेल, बाई." स्नेही गेले ते गेलेच. देवळात मात्र भाऊंना पुढचा पाट मिळू लागला.

आमच्या शाळेत शिवण शिकवणाऱ्या बाईंचे यजमान कोर्टात कारकून होते. त्यांच्याकडून मला कळलं की भाऊंनी तीन वेळा बदलीचा अर्ज केला होता. जुने कागद ठेवतात त्या खोलीत मला बसवा, एवढंच मागणं. तीनही वेळा तीन वेगळ्या साहेबांनी त्यांची पाठ थोपटली, तुमच्यावाचून कोर्ट चालायचं नाही म्हणून सांगितलं, आणि अर्ज परत केला. भाऊ थोडे कमी हुशार असते तर सुटले असते.

बरं, आंघोळीने तरी सगळं धुतलं जात होतं का? पहिल्यांदा ते इंदूच्या लक्षात आलं. एक दिवस वर्गात मला हळूच म्हणाली, "बाई, आई बोलायला लागली ना, की भाऊंचे ओठ हलतात." मी तिला गप्प केलं, पण नंतर मुद्दाम पाहिलं. वहिनी ओट्यावर बसून शेजारणीच्या सुनेची हकिगत सांगत होत्या. भाऊ मान डोलवत होते, आणि त्यांचे ओठ वहिनींच्या मागोमाग, एका वाक्याच्या अंतराने, बारीक हलत होते. बायकोच्या गप्पांचं ते इंग्रजी करत होते. त्यांना त्याचा पत्ता नव्हता. इंदूच्या मामांचं लग्न झालं, तेव्हा मंगलाष्टकांनाही तेच. मुलींना हसू आवरेना. वहिनी हसल्या नाहीत. मला म्हणाल्या, "शांते, मी ह्यांच्याशी बोलते आणि हे ते दुसऱ्या कुणासाठी तरी ऐकतात."

अशी काही वर्षं गेली. भाऊंच्या पेन्शनीला दोन वर्षं उरली. वहिनी दिवस मोजत होत्या. तेवढी निभावली की नवरा आपला, अशी त्यांची समजूत.

मग मार्गशीर्षात एका संध्याकाळी साडेपाच वाजले, पावणेसहा वाजले, तरी रहाट वाजला नाही. मी गडग्यावरून पाहिलं. भाऊ मागच्या पायरीवर बसले होते. अंगात कोट, डोक्यावर पगडी, पायांत जोडे. वहिनी दारात उभ्या होत्या. भाऊंना शिवावं की नाही, हेच त्यांना कळत नव्हतं. पुढे काय झालं ते मी ऐकलं नाही. मी आत गेले. वहिनींनी मला ते सांगितलं वर्षभराने.

कोर्टात त्या दिवशी राजापूरकडच्या एका बाईचा खटला होता. नवरा मुंबईला गिरणीत होता. वर्षातून एकदा यायचा. या खेपेला आला आणि पंधराव्या दिवशी घरच्या विहिरीत सापडला. बाईनेच ढकलला, असं दिराचं म्हणणं होतं. बाई म्हणत होती, त्याने स्वतः उडी घेतली. साहेबांनी तिला विचारलं, नवऱ्याला काही दुःख होतं का? ती म्हणाली, पंधरा दिवस धड जेवला नाही. का, ते मला ठाऊक नाही. रोज विचारत होते. विचारलं की म्हणायचा, कामाचं काम तिकडं, घरात आणायचं नाही. बारा वर्षं हेच म्हणत होता.

भाऊंनी सांगायला सुरुवात केली. पंधरा दिवस धड जेवला नाही. का, ते मला ठाऊक नाही. आणि तिथे ते थांबले. पुढचं त्यांच्या तोंडातून निघेना. साहेबांना वाटलं, जबाब संपला. तेवढंच त्यांनी लिहून घेतलं आणि भुवया उंचावल्या. बायकोला कारण ठाऊक नाही म्हणजे बायको काहीतरी लपवते आहे, असा त्याचा सरळ अर्थ होत होता. वकील आपले कागद चाळत होते. भाऊंनी एक वाक्य गाळलं हे त्या भरल्या कोर्टात कुणाच्याही लक्षात आलं नाही, कारण भाऊ काही गाळतील हे कुणाच्या मनातच येणार नव्हतं. निकाल दुसऱ्या दिवशी होता.

पायरीवर बसून भाऊंनी वहिनींना हे सगळं सांगितलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. वहिनी म्हणाल्या, मग उद्या जाऊन साहेबांना सांगा. भाऊ म्हणाले, ते सोपं नाही. एक वाक्य गाळलं म्हणून कबूल केलं की आजवर किती गाळली, हे विचारतील. पंचवीस वर्षांतला प्रत्येक खटला माझ्या तोंडून गेला आहे. ज्यांना शिक्षा झाल्या ते सगळे उद्या उभे राहतील. नोकरी जाईल, नाव जाईल, आणि इंदूचं लग्न व्हायचं आहे.

वहिनी एरवी मऊ बाई. पण तेव्हा कोण जाणे त्यांना कसला राग आला, असं त्या मला म्हणाल्या. भाऊंना त्या म्हणाल्या ते असं:

"ती खोटं बोलत नाहीय. उद्या तुम्ही ह्या विहिरीत सापडलात तर मलाही साहेब विचारील, नवऱ्याला काय दुःख होतं? मी काय सांगू त्याला? कोर्टाचं कोर्टात?"

 भाऊ उठले आणि तसेच, कोटासकट, घरात गेले. वहिनींनी त्यांना जेवायला वाढलं. पगडी त्यांनी स्वतःच्या हातांनी उतरवून देव्हाऱ्याजवळच्या खुंटीला लावली. इतक्या वर्षांत जिला हात लावला नव्हता ती पगडी फार जड होती, असं त्या मला म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी कोर्ट भरल्या भरल्या भाऊ साहेबांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, काल मी आरोपीचं एक वाक्य गाळलं. शिवणाच्या बाईंचे यजमान तिथे होते. ते सांगत, आधी कुणाला काही कळलंच नाही. सगळ्यांना वाटलं, भाऊ कुणा साक्षीदाराचं बोलणं सांगताहेत. भाऊंना पुन्हा म्हणावं लागलं, की हे माझं स्वतःचं सांगणं आहे. साहेबांनी ते वाक्य लिहून घेतलं. बाईला परत विचारलं. तिने शब्दाला शब्द तेच सांगितलं. मग तिच्या वकिलाला जाग आली. मुंबईहून नवऱ्याच्या खोलीतला एक माणूस बोलावला गेला. त्याने सांगितलं की गिरणीतून काढून टाकल्याला तीन महिने झाले होते आणि घरी कळवू नकोस म्हणून नवऱ्याने त्याला शपथ घातली होती. बाई सुटली.

आता भाऊंचं काय झालं? नोकरी गेली असती तर ही गोष्ट सरळ झाली असती. साहेबांनी त्यांना खोलीत बोलावून हात हातात घेतला. इतका प्रामाणिक माणूस मी हिंदुस्थानात पाहिला नाही म्हणाले, आणि वर लिहून भाऊंना पेन्शनीच्या वयानंतर आणखी तीन वर्षांची मुदतवाढ मिळवून दिली. मान म्हणून. ती नाकारायची सोय नव्हती. नाकारली असती तर गाव म्हणालं असतं, वाक्य गाळलं म्हणून काढला. वहिनींनी मोजलेल्या दोन वर्षांची पाच झाली. ही बातमी भाऊंनी मला गडग्यावरून दिली. मी अभिनंदन केलं नाही.

आंघोळ मात्र बंद झाली. त्याऐवजी भाऊ वहिनींना कोर्टातलं सांगू लागले. सुरुवातीला वहिनींना बरं वाटलं. महिन्याभरात त्यांचे डोळे खोल गेले. जेवताना घास ठेवून उठायला लागल्या. मला म्हणाल्या, "आधी मी बाहेर होते शांते, तेव्हा आत यायला तडफडत होते. आता दोघं आत आहोत. मुलीकडे कुणी बघायचं?" मी म्हटलं, मग थांबवा त्यांना. त्या म्हणाल्या, "आता कसं थांबवू? मीच दार उघडलंय."

पण वहिनी हिकमती होत्या. त्यांनी एक तोड काढली. भाऊ घरी आले की मागच्या पडवीत त्या सुपात मोड आलेले वाल घेऊन बसत आणि दुसरं सूप भाऊंपुढे सरकवत. डाळिंब्या सोलून होईपर्यंत काय सांगायचं ते सांगा. सुपातले वाल संपले की बोलणं संपलं. उरलेलं उद्या. वाल नसतील तेव्हा लसूण, शेंगा, काजूच्या ओल्या बिया, हाती येईल ते. मी गडग्यावरून पाहत असे. पहिले काही दिवस भाऊंना साल काढता येत नसे, दाणाच उडून जाई, आणि वहिनी खुनाच्या हकिगतीच्या मध्येच म्हणत, "अहो, चेपू नका." हळूहळू हात बसला. भाऊंच्या ओठांची हालचाल कमी झाली असं मी म्हणणार नाही. पण डाळिंब्या सोलताना ते एकटेच बोलत नसत, वहिनीही बोलत. त्यांना त्या बाईबद्दल काय वाटलं, त्या दिराबद्दल काय वाटलं, तेही सांगत, आणि तुम्हाला काय वाटलं, असं भाऊंना विचारत. कोर्टात भाऊंना हे कधी कुणी विचारलं नव्हतं. कधी सूप मोठं असे, कधी लहान. ज्या दिवशी वहिनींचं डोकं ठणकत असे, त्या दिवशी त्या मूठभरच वाल घेऊन बसत. भाऊ एकदा त्या मुठीकडे बघत राहिले आणि म्हणाले, आज एवढंच? वहिनी म्हणाल्या, आज एवढंच. आणि ते गप्प बसले.

मुदतवाढीची तीन वर्षंही संपली. इंदूचं लग्न झालं, ती दाभोळकडे दिली. माझ्या यजमानांना मुंबईत जागा मिळाली आणि मला तिथल्या एका शाळेत नोकरी. निघाले त्या दिवशी भाऊ आणि वहिनी मला पोचवायला बंदरावर आले. बोट बाहेर उभी होती, मचव्यातून जायचं होतं, आणि मचव्याला वेळ होता. गर्दीत एक गोरा साहेब आपलं सामान घेऊन उभा होता. कुठल्या तरी पेटीवरून हमालाशी त्याची हुज्जत चालली होती. हमाल एक सांगे, साहेब दुसरंच समजे, दोघंही तापले होते. बंदरावरच्या एका माणसाने भाऊंना ओळखलं. बरे सापडलात, म्हणत त्याने त्यांना दंडाला धरून साहेबापुढे उभं केलं. साहेब हायसं वाटून भाऊंकडे वळला आणि भराभर बोलू लागला. हमालही दुसऱ्या बाजूने बोलू लागला. दोघांच्या मध्ये भाऊ. मी पाहिलं, त्यांची पाठ आपोआप ताठ झाली, हात पाठीमागे गेले आणि त्यांनी मान किंचित वाकडी केली, कान देऊन ऐकणारा माणूस करतो तशी.

वहिनी माझ्याजवळ उभ्या होत्या. त्यांनी हातातली पिशवी माझ्याकडे दिली, पदर खोचला आणि गर्दीतून वाट काढत मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. चार माणसांत मोठ्याने बोललेलं मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"त्यांना इंग्रजी येत नाही," त्या म्हणाल्या.

बंदरावरचा तो माणूस हसायला लागला. अहो वहिनी, काय सांगता, म्हणाला. वहिनींनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या भाऊंकडे बघत होत्या. मचव्यावाल्याने हाक दिली आणि मला निघावं लागलं. पाय ठेवता ठेवता मी मागे वळून पाहिलं तेव्हा साहेब अजून बोलत होता, हमाल बोलत होता, आणि भाऊ दोघांकडे आळीपाळीने बघून नकारार्थी मान हलवत होते.